तिसरी वात

चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, म्हणजे चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. लाल पेन अजूनही माझ्या पर्समध्ये असतं. लग्नपत्रिका हातात आली तरी मी आधी शुद्धलेखन बघते आणि मग तारीख. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझीच अशी एक चूक निघाली, की ती कळली तेव्हा मी उभी होते ती मटकन खाली बसले. त्या धक्क्यातून मी अजूनही पुरती सावरलेली नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. अमरावतीत आमचं एकच घर, आणि अकोल्यात माझी थोरली नणंद रिव्काताई. बस्स. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही, आणि इथे दहा आणायचे कुठून? त्यामुळे आमचा सगळा धर्म शुक्रवारच्या दिव्यावर उभा राहिला. सासूबाईंचा तो दिवा म्हणजे पितळी कडीत अडकवलेला काचेचा गोल पेला. अर्धा पाण्यानं भरायचा, वर खोबरेल तेल सोडायचं, काडीला कापूस गुंडाळून वाती करायच्या आणि शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत शब्बाथसाठी, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसासाठी, तो लावायचा. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, म्हणून माहेरी मला हे शिकवणारं कोणी नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी सासूबाईंनी मला जवळ ओढलं, डोळे मिटायला लावले आणि दिव्यापुढे म्हणायची हिब्रू ओळ कानात सांगितली. सात-आठ शब्दांची ओळ. अर्थ त्यांनी सांगितला नाही, मी विचारला नाही. त्या पुटपुटत म्हणायच्या, मीही पुटपुटतच म्हणत आले. आणखी एक गोष्ट होती. सासूबाईंना मुलं दोनच, रिव्काताई आणि माझे यजमान, पण वाती त्या तीन लावत. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तीनच लावायच्या." त्यांच्या आवाजाला मी भीत असे, म्हणून गप्प बसले आणि पुढे तीनच लावत राहिले.

दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या याएलनं आमच्या बायकांसाठी फोनवर वर्ग सुरू केला. वयानं माझ्या मुलीएवढी, पण शिकवते छान, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. दर बुधवारी संध्याकाळी पाच वाजता कोकणातल्या, पुण्याच्या, गुजरातच्या आणि कुठकुठल्या एकट्या पडलेल्या आम्ही पंधरा-वीसजणी पडद्यावरच्या चौकोनांत येऊन बसतो. कोणी मासे निवडत ऐकतं, कोणी नातवाला मांडीवर घेऊन. हिब्रू अक्षरं, प्रार्थना, सणांचे नियम शिकतो. नवा महिना लागला की मिळून प्रार्थना करतो, आणि कोणाकडे आजारपण असेल तर त्या नावानं स्तोत्रं वाटून घेतो. त्या वेळी सगळ्याजणी माझ्या मुलीच्या, शुलूच्या नावानं स्तोत्रं म्हणत होत्या. शुलूची दोन बाळंतपणं अर्ध्यावर गेली होती, एक तिसऱ्या महिन्यात आणि एक पाचव्या. आता तिसऱ्यांदा दिवस होते, सहावा लागला होता. डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं, तशी ती पुण्याहून माझ्याकडे आली होती. मी घरात चालतानासुद्धा चपला काढून चालायची, जणू माझ्या पावलांच्या आवाजानं काही बिघडेल.

त्या बुधवारी याएलनं विचारलं, "दिव्याची प्रार्थना कोण म्हणून दाखवेल? सराव आहे, आणि देवाचं नाव उगाच घ्यायचं नसतं, तेव्हा त्याजागी नुसतं हाशेम म्हणा." माझा हात सगळ्यांच्या आधी वर. आयुष्यात पहिल्यांदा मी ती ओळ मोठ्यानं म्हटली, अगदी शाळेत कविता म्हणून दाखवावी तशी. संपली आणि पडद्यावर एकीनं पदर डोक्यावर ओढला. दुसरीनं तोंडावर हात ठेवला. याएल म्हणाली, "मावशी, पुन्हा एकदा म्हणता?" मला वाटलं, आवडलं असेल. मी पुन्हा म्हटली, आणखी स्पष्ट.

वर्ग तिनं पाच मिनिटांत आटोपला आणि मला वेगळा फोन केला. "मावशी, रागावू नका. ही ओळ तुम्हाला कोणी शिकवली? सुरुवात बरोबर आहे, देवाची स्तुती. पण शेवटचे शब्द दिव्याचे नाहीत. तुम्ही 'दय्यान हाएमेत' म्हणता. खरा न्याय करणारा, असा त्याचा अर्थ. कोणी गेल्याची बातमी आली की आपण हे म्हणतो."

मी स्वयंपाकघरात उभी होते, तिथेच खाली बसले. लग्नापासून दर शुक्रवारी, आनंदाच्या दिवशी, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथपुढे उभी राहून मी मेल्याची ओळ म्हणत आले होते! माझे यजमान शुक्रवारी गेले, दिवा लावल्यावर तासाभरात. शुलूचं दुसरं बाळ गेलं त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडेच होती, दिव्याजवळ उभी राहून तिनं आमेन म्हटलं होतं. आणि गेल्याच शुक्रवारी पलंगावरून, पोटावर हात ठेवून, तिनं पुन्हा आमेन म्हटलं होतं. याएल पलीकडून म्हणत होती, "मावशी, देव काय शेवटचे दोन शब्द पकडून बसणारा मास्तर आहे का?" मला दुसऱ्या प्रकारचे मास्तर माहीतच नव्हते.

याएलनं खरी ओळ मला लिहून पाठवली. मी ती वाचलीसुद्धा नाही. शुक्रवार आला आणि मी दिवा लावला नाही. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं, यजमान गेले त्या आठवड्यातही नाही. शुलूनं आतून विचारलं, "आई, सूर्य बुडतोय ना गं?" मी म्हटलं, तेल संपलं. तिच्या खोलीच्या दारातून स्वयंपाकघराचा ओटा दिसतो आणि ओट्यावर खोबरेलाची भरलेली बाटली होती. तिनं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला माझीच शरम वाटली, पण काडी पेटवायला हात उचलेना.

रविवारी सकाळी शेजारच्या वहिनींना शुलूजवळ बसवलं आणि अकोल्याची एसटी धरली. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला तो दिवा. रिव्काताईंना तो परत करायचा आणि विचारायचं, तुमच्या आईनं माझ्याशी असं का केलं? मला त्या बाईचा इतका राग आला होता की बडनेरा कधी मागे पडलं ते कळलं नाही. मूर्तिजापूरला माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. पांढरं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, हातात डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद. "मले तिकीट नाई लागत, माहे पंचाहत्तर कवाच होऊन गेले," असं तिनं कंडक्टरला न विचारता सांगून टाकलं. मी हसलेही नाही. पुढे ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला, माझी पिशवी कलंडली आणि टॉवेल सुटला. मी काच धरायला वाकले, तर म्हातारीचा हात आधीच कडीवर होता. तिनं ती पितळी कडी बोटांनी चाचपली आणि चष्मा वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"हा दिवा तुयापाशी कसा आला वं? हा त इस्राइलकाकूचा दिवा हाय."

अकोल्याला रेल्वेच्या चाळीत सासूबाईंना सगळे याच नावानं हाक मारत, हे मला यजमानांकडून माहीत होतं. मी त्यांची सून असल्याचं सांगितलं. म्हातारीनं माझा हात धरला तो अकोला येईपर्यंत सोडला नाही.

तिचा बाप रेल्वेत खलाशी होता आणि तिचं घर सासूबाईंच्या भिंतीला भिंत लावून. शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही, म्हणून ही तेव्हा बारा-तेरा वर्षांची मुलगी सासूबाईंची चूल पेटवायला यायची. मी विचारलं, "आजी, तेव्हा त्या कशा होत्या?" मला वाटलं, कडक होत्या म्हणेल.

"हासत राहे वं. लय हासे. बेनजू गेला आन् हासनं गेलं तिचं."

"कोण बेनजू?"

"तिचा पयला पोरगा. तुले कोनी सांगतलं नाई? अडीच वर्साचा होता. तापानं गेला, शुक्करवारी, दिवेलागनीच्या आंधी. तुमच्या लोकाइतलं गावात कोनीच नोतं. माह्या बापानं खड्डा खांदला, रेल्वे लाइनच्या पल्याड, निंबाखाली. मंग काकूनं दिवा लावनं सोडलं. एक महिना नाई लावला."

मी मांडीवरच्या दिव्याकडे पाहत राहिले. आमच्या घरात दिवा कधीच चुकला नव्हता, असं मी समजत होते. गाडीच्या खिडक्या खडखडत होत्या, त्यामुळे म्हातारी माझ्या कानाशी येऊन सांगू लागली. महिन्याभरानं नागपूरकडे जाणारा आमच्यातला कोणी प्रार्थना सांगणारा माणूस, काळी टोपी, दाढी, सासऱ्यांचं नाव ऐकून दोन गाड्यांच्या मधल्या वेळात घरी आला. त्यानं सासूबाईंना एक ओळ सांगितली. सासूबाई त्याला ती पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, गाडी सुटायची वेळ झाली तरी. "तिनं घोकली, आन् मी चुलीपाशी बसून आयकू आयकू पाठ केली," म्हातारी म्हणाली. आणि तिनं ती म्हणून दाखवली.

मूर्तिजापूर-अकोला रस्त्यावर, एसटीच्या बाकावर, एका बौद्ध म्हातारीच्या तोंडून वऱ्हाडी हेलात ती ओळ आली. पहिल्या शब्दापासून 'दय्यान हाएमेत'पर्यंत. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माझे ओठ आपोआप आमेन म्हणून गेले. मला रडू फुटलं, आणि पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं तरी थांबेना.

"म्या इचारलं होतं तिले," म्हातारी म्हणाली. "काकू, ह्याचा मतलब काय? त म्हने, देवाले सांगते, तुहा निवाडा खरा, मले समजला नाई तरी. म्या म्हटलं, मंग हे दिव्यापुढं काहून म्हनता? त म्हने, दिव्याची ओळ दुसरी असते, पन ते मले कोनी शिकवली नाई. बायाइले कोन शिकवते? माह्यापाशी हे एकच हाय, मी हेच वाहते. तवापासून दिवा लावे. एकच वात. बेनजूची."

एकच वात. मग रिव्काताई झाल्या, मग माझे यजमान. मी इतकी वर्षं गणित शिकवलं नाही, पण हे गणित मला तिथेच सुटलं. तिसरी वात मी लावत आले होते, दर शुक्रवारी नवा कापूस गुंडाळून, आणि ती कोणाची हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या बाईला भीत राहिले, तिच्यावर रागावले, तिची चूक काढायला निघाले. तिच्याजवळ देवापुढे ठेवायला सगळ्या हिब्रू भाषेतली एकच ओळ होती आणि तीही तिच्या मुलाच्या मरणानं तिला मिळालेली. तीच तिनं सुनेच्या कानात घातली, कारण दुसरं काही देण्यासारखं तिच्याजवळ नव्हतं.

अकोल्याच्या स्टँडवर म्हातारीची सून तिला घ्यायला आली होती. "येतो बाई, जय भीम," म्हणाली आणि गर्दीत गेली. मी दिवा सांभाळत खाली उतरले आणि मग लक्षात आलं, की तिचं नाव विचारलंच नाही. वर्गातल्या प्रत्येक पोराचं नाव विचारून मगच धडा सुरू करणारी मी! आमच्यात म्हणतात, संदेष्टा एलियाहू कोणाच्याही रूपानं दाराशी येऊन जातो. मी त्यावर काही म्हणत नाही. तिच्या हातात डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद होता आणि तिचा चष्मा सुतळीनं बांधलेला होता, एवढं मी पाहिलं.

रिव्काताई सत्तरी ओलांडलेल्या. मी सांगत गेले आणि त्यांच्या हातातला चहा गार होत गेला. "मले मोठा भाऊ होता?" त्यांनी तीनदा विचारलं. मग उठून आतून स्वतःचा दिवा आणला. त्यातही तीन काड्या होत्या. "मी त आई लावे म्हनून लावते," म्हणाल्या. ओळही त्या तीच म्हणत होत्या. आम्ही दोघी रिक्षा करून रेल्वे लाइनच्या पलीकडे गेलो. तिथे आता घरं आहेत, दुकानं आहेत, कडुनिंब तीन-चार आहेत. कोणता, ते कळायला मार्ग नाही. रिव्काताईंनी रस्त्याच्या कडेचा एक खडा उचलला आणि जवळच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवला, कारण आमच्यात कबरीवर फुलं नाही, दगड ठेवतात. दिवा परत घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत. मीही फार आग्रह केला नाही.

पुढच्या शुक्रवारी मी शुलूच्या पलंगाजवळ टेबल ओढलं, त्यावर दिवा ठेवला आणि तेल ओतायच्या आधी तिला सगळं सांगितलं. तेलाची थापसुद्धा. याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती. पोटुशी मुलीला सांगायचं, की तू आमेन म्हणत होतीस ते मरणाच्या ओळीला. मी सांगत होते आणि तिच्या तोंडाकडे बघण्याची माझी छाती होत नव्हती. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. मग म्हणाली, "दोन्ही वेळा सगळे मला म्हणाले, इतक्या लहानाचं काही करायचं नसतं. ना नाव, ना प्रार्थना. विसरून जा, पुन्हा होईल. मला वाटायचं, माझ्या दोघांसाठी जगात कोणी एक शब्दसुद्धा म्हटला नाही."

मी मान वर केली.

"तू म्हणत होतीस, आई," शुलू म्हणाली. "दर शुक्रवारी. आणि मी आमेन म्हणत होते."

मी तिच्या उशीवर डोकं टेकलं आणि दोघी रडलो. सूर्य खाली चालला होता, म्हणून फार रडायलाही वेळ नव्हता. शुलूनं पडल्या पडल्या कापूस मागितला आणि स्वतःच्या हातानं दोन वाती केल्या. त्या दिवशी पेल्यात पाच वाती लागल्या. याएलनं लिहून दिलेला कागद मी चष्म्यासमोर धरला आणि दिव्याची खरी ओळ अडखळत, चुकत, पण मोठ्यानं म्हटली. मग डोळे मिटून, देवाचं नाव न घेता, मनातल्या मनात सासूबाईंच्या भाषेत एवढंच म्हटलं, की निवाडा तुझा आहे. मला समजला नाही तरी. पोटातलं हे मूल ठेवायचं की नाही, ते आता माझ्या ओळीवर नाही, तुझ्यावर आहे. हे म्हटल्यावर माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. तोवर मला वाटत होतं, की सगळ्या जगाचे गुण माझ्याच लाल पेनातून सुटतात.

शुलूला नववा लागल्यावर एका मंगळवारी दुपारी मुलगी झाली. वजन थोडं कमी, आवाज मात्र आजीसारखा, असं नर्स म्हणाली. मी फोन केला तेव्हा याएल रडली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पडद्यावरच्या सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या, कोणाचंच धड ऐकू येईना. त्यातली एक पेणची बाई वर्ग संपायच्या आधी हळूच म्हणाली, "मला अजून एकही ओळ येत नाही, मी नुसता दिवा लावते. मला शिकवाल?" आता बुधवारी वर्गाच्या आधी अर्धा तास मी तिला शिकवते. ती चुकते आणि मी थांबते, पेन हातात न घेता.

मुलीचं नाव ठेवलं तेव्हा रिव्काताई अकोल्याहून आल्या होत्या. बेन्याना. बेनजूच्या नावाच्या जितकं जवळ जाता आलं तितकं. तिचीही वात आहे, सहावी, आणि आता पेला भरला आहे. देवाचे आभार मानायला माझ्याजवळ आज पुष्कळ ओळी आहेत, त्यांचे अर्थही येतात. शुलू अजून माझ्याकडेच आहे आणि दर शुक्रवारी दिव्याची ओळ तीच म्हणते, मोठ्यानं, शेजारच्या वहिनींनासुद्धा ऐकू जाईल अशी. आमच्या घरात आता ती कोणी कोणाच्या कानात सांगत नाही.